अन्य कोणताही आधार नाही

खर्डा, ता. जामखेड
१८ जुलै २०२४

खाजाभाई शेख यांस रतनबाईचा नमस्कार.

मच्छिंद्रनं, माझ्या पुतन्यानं, दोनदा फोन लावला. दोन्ही टायमाला तुमी उचलला आनि ‘कोन? कोन बोलतंय?’ म्हनत ठेवून दिला. रेश्मा सांगायची, चाचांना ऐकू येत न्हाई, पन वाचतात सगळं. म्हनून पत्र लिहिते. सातवी शिकलेय, अक्षराला नावं ठेवू नका.

रेश्माला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. तुमी दहाव्याला आल्ता, तवा मी कुनाशी बोलायच्या अवस्थेत न्हवते. लेकीच्या घरमालकाला साधा चहा इचारला न्हाई, ते मनात ठेवू नका.

काल पोरक्या पोरांच्या संस्थेत जाऊन आले. कार्तिकी जाळीच्या दाराआडून दिसली. केस पार कापलेत तिचे. मला बघून पळत आली, तर तिथल्या बाईनी तिला धरली. म्हनल्या, ‘आजी, असं नेता येत नाही. अर्ज करा, तो बालकल्याण समितीपुढे जाईल, मग आदेश होईल.’ मी म्हनले, माझी नात हाय, लेकीची लेक हाय, अर्ज कशाचा? त्या म्हनल्या, ‘तेच अर्जात लिहा.’

तुमी सरकारी हापिसात अव्वल कारकून हुता आनि अख्खं भिंगार तुमच्याकडून अर्ज लिहून घेतं, असं रेश्मा सांगायची. मला एक लिहून द्या. जावई तर पोर वर्षाची असतानाच टेम्पोच्या अपघातात गेला. त्याच्याकडचं कोनी उरलं न्हाई. मीच हाय.

तुमची
रतनबाई

&nbsp;

भिंगार
२४ जुलै २०२४

रतनताई, नमस्कार.

पत्र मिळालं. अक्षर झकास आहे. आमच्या ऑफिसात साहेबाचं याहून वाईट होतं.

आधी मनातलं सांगतो. मी त्या आठवड्यात सोलापूरला लेकीकडे, बानूकडे, गेलो होतो. इकडे रेश्माला डेंग्यूचा ताप चढला. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, पण तिचा मोबाईल कुणाला उघडता येईना आणि तुमचा नंबर कुणाकडे नव्हता. ती गेल्यावर पोरीला कुणी नाही असं समजून दुसऱ्या दिवशी संस्थेत देऊन टाकलं. मी परत येऊन तुम्हाला निरोप धाडला, तोवर ती तिकडे गेली होती. मी घरी असतो तर कार्तिकी आज माझ्या ओसरीवर खेळत असती. हे रोज डाचतं. म्हणून सोबतचा अर्ज मी चार वेळा लिहून मग पक्का केला आहे.

वाचताना बिचकू नका. अर्जात ‘मी’ नसतं, ‘अर्जदार’ असतं. कार्तिकीचं नाव एकदाच येतं, पुढे सगळीकडे ‘सदर बालिका’. रेश्मा वारली असं लिहीत नाहीत, ‘मयत झाली’ लिहितात. ‘नातीला माझ्याकडे द्या’ म्हणायचं नाही, ‘ताबा मिळणेस विनंती’ म्हणायचं. आणि सगळ्यात शेवटी हे:

‘अर्जदार ही वयोवृद्ध व निराधार विधवा असून तिला सदर बालिकेशिवाय अन्य कोणताही आधार नाही. सबब, सहानुभूतिपूर्वक विचार होऊन न्याय मिळावा.’

हे वाक्य माझं आहे. चौतीस वर्षं नोकरीत आणि नंतर बारा वर्षं ओसरीवर बसून ते मी शेकडो अर्जांत घातलं असेल. पेन्शन, रेशनकार्ड, घरकुल, सगळीकडे चाललं. साहेब लोक वरचं वाचत नाहीत. त्यांची नजर तिथे येऊन थांबते.

खाली सही करा आणि एका प्रतीवर पोहोच घ्या. शिक्का नीट उमटला का ते बघा.

खाजाभाई

&nbsp;

खर्डा
३ ऑगस्ट २०२४

खाजाभाई, नमस्कार.

अर्ज मच्छिंद्रनं मोठ्यानं वाचला. त्याची बायको पूजा म्हनली, ‘आत्या, हे तुमचंच हाय का दुसऱ्या कुनाचं आलंय?’ आमी हसलो. लई दिवसांनी हसले.

एक इचारते, राग मानू नका. वयोवृद्ध म्हंजे लई म्हातारी ना? मला छप्पन चाललंय. आनि निराधार कशी? माझ्या गोठ्यात दोन म्हशी हायत, पहाटे धार काढून मी सोता डेरीला दूध घालते. ज्वारीचं रान हाय. मच्छिंद्र भिंतीला भिंत लावून राहतो. पूजाची पोरं दिवसभर माझ्याच घरात असतात. शाळा हाकेच्या अंतरावर हाय. तेवढं वाक्य काढून हे घातलं तर?

पन तुमी जानते. मी सही केली आनि अर्ज देऊन आले. शिक्का नीट उमटलाय.

पंधरा मिन्टं भेटू दिली. कार्तिकी मांडीवर बसली आनि इचारलं, ‘आई ड्यूटीवरून आली का?’ रेश्मा मसाल्याच्या कारखान्यात पॅकिंगला जायची ना, तिला वाटतं आई तिकडंच हाय. मी म्हनले, न्हाई आली अजून. खरं सांगायचं तोंड झालं न्हाई.

रतनबाई

&nbsp;

भिंगार
९ ऑगस्ट २०२४

रतनताई,

ते वाक्य राहू द्या. अर्ज दिल्यावर त्यात खाडाखोड म्हणजे संशय. आणि म्हशी कशाला लिहायच्या? ज्याच्याकडे दोन म्हशी आहेत त्याची दया कुणाला येते? सरकारी कागद रडका असावा लागतो ताई. ताठ कागद टेबलावरून पुढे सरकत नाही. हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून बघितलं आहे.

सुनावणीची तारीख आली की जाच. साहेब विचारतील तेवढंच बोला. ‘अर्जात लिहिलं आहे तेच माझं म्हणणं’ इतकं म्हटलं तरी पुरे.

रेश्माची खोली मी कुणाला दिलेली नाही. पोरीची दप्तर-पाटी तशीच आहे. ती तुमच्याकडे आली की घेऊन जा.

खाजाभाई

&nbsp;

खर्डा
१२ सप्टेंबर २०२४

खाजाभाई, नमस्कार.

सुनावनी झाली. टेबलापलीकडं तिघं हुती. मधले साहेब सभ्य वाटले. बसा म्हनले, पानी दिलं. माझा अर्ज वाचला, चार गोष्टी इचारल्या. मी तुमी सांगितल्यापरमानं बोलले. आदेश टपालानं येईल म्हनले. आला की तुमच्याकडं धाडते, मला त्यातलं कळायचं न्हाई.

तुमी जेवन वेळेवर करत जा. एकट्या मानसाचं चुलीकडं ध्यान राहत न्हाई. पूजानं भाजलेला शेंगदाना पाठवते, जामखेड गाडीच्या कंडक्टरकडं दिलाय.

रतनबाई

&nbsp;

भिंगार
१८ ऑक्टोबर २०२४

रतनबाई यांस,

आपले दि. ११ रोजीचे पत्र व सोबत जोडलेली आदेशाची प्रत प्राप्त झाली. आदेशाचे अवलोकन केले. त्यातील काही बाबींचा अभ्यास करणे आवश्यक आहे. त्याबाबत यथावकाश कळविण्यात येईल. तोपर्यंत आपण काळजी करू नये.

खा. म. शेख

&nbsp;

खर्डा
२६ ऑक्टोबर २०२४

खाजाभाई,

तुमचं पत्र पूजानं वाचलं आनि मी तिला म्हनले, हे खाजाभाईंचं न्हाई, हे हापिसाचं हाय. तुमी मला ताई लिहीत हुता. खाली नुसतं खाजाभाई लिहीत हुता. ‘प्राप्त झाली’, ‘यथावकाश’ असं मानूस कवा लिहितं, जवा त्याला समोरच्याच्या डोळ्यात बघायचं नसतं तवा.

मच्छिंद्र म्हनतो आदेशात ‘नस्तीबद्ध’ लिहिलंय. नस्ती म्हंजे फाईल, म्हंजे आपला कागद फाईलीत नीट लावून ठेवलाय. मला तसं वाटत न्हाई. मला म्हाईत हाय काय झालंय. मी त्या दिवशी तुमाला सगळं लिहिलं न्हवतं. आता लिहिते.

साहेबांनी अर्ज वाचला आनि म्हनले, ‘आजी, तुम्ही वृद्ध, निराधार. तुम्हालाच सांभाळायला कुणी नाही. या पोरीला कोण सांभाळणार?’ मी म्हनले, साहेब, माझ्या म्हशी हायत, रान हाय, पुतन्या शेजारी हाय. तर साहेबांच्या बाजूला बसलेल्या बाईनी अर्जावर बोट ठेवलं. ‘अन्य कोणताही आधार नाही. हे तुमचंच आहे ना? खाली सही तुमची?’ म्हनले, व्हय. ‘मग खरं कुठलं? अर्जातलं की तोंडचं? खोटा अर्ज करणं गुन्हा असतो, माहीत आहे?’

अर्ज खोटा म्हनले तर मी खोटी. खरा म्हनले तर पोरगी गेली. खाली बघत बसले. साहेबांनी दोनदा इचारलं, ‘आणखी काही म्हणायचंय?’ मला लई म्हनायचं हुतं खाजाभाई. त्यांनी कागदावर कायतरी लिहिलं आनि माझी सही घेतली.

तुमाला वाईट वाटंल म्हनून मी लिहिलं न्हाई. तुमी पोरीसाठीच केलं हुतं. आता मला साध्या मराठीत सांगा, आदेशात काय हाय. दिवाळी चार दिवसांवर आलीय, पूजाची पोरं इचारतात, कार्तिकी कवा येनार.

रतनबाई

&nbsp;

भिंगार
२ नोव्हेंबर २०२४

रतनताई,

हे पत्र टपालाच्या भरवशावर सोडत नाही, कंडक्टरच्या हातात देतो आहे. आजच तुम्हाला मिळेल, म्हणजे परवा निघता येईल.

आदेशात असं लिहिलं आहे: ‘अर्जदार यांनी स्वतःच्या अर्जात त्या वयोवृद्ध व निराधार असून त्यांना अन्य कोणताही आधार नसल्याचे नमूद केले आहे. सुनावणीवेळी सदर बाब त्यांनी नाकारलेली नाही. अर्जदारास अधिक काही म्हणावयाचे नाही. सबब, अर्जदार सदर बालिकेचे संगोपन करण्यास सक्षम असल्याचे दिसून येत नसल्याने अर्ज अमान्य करून प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे.’

साध्या मराठीत: ते कार्तिकी तुम्हाला देत नाहीत, कारण मी लिहिलं की तुम्ही तिला सांभाळू शकत नाही. आणि नस्तीबद्ध म्हणजे फाईल बंद.

ताई, पंधरा-सोळा दिवस मी तो कागद उशाखाली ठेवून बसलो होतो. रोज काढायचो, वाचायचो, परत ठेवायचो. माझंच वाक्य खाली दुसऱ्याची सही घेऊन माझ्याकडे परत आलं होतं. तुम्ही ऑगस्टमध्येच विचारलं होतं, निराधार कशी म्हणून. मला ते अडाण्याचं बोलणं वाटलं. खरं तर तेवढंच एक बोलणं अर्जात असायला हवं होतं. पेन्शनच्या अर्जात माणूस जितका दुबळा तितकं बरं. पोर मागायला गेलेला माणूस दुबळा दाखवून कसा चालेल? एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. हाताला सवय होती, हात लिहून गेला.

आदेशाच्या तारखेपासून तीस दिवसांत वर अपील करता येतं. ती मुदत सोमवारी, ४ तारखेला संपते. त्यातले इतके दिवस मी घालवले. सोमवारी पहिल्या गाडीने या. म्हशींचं, रानाचं, शाळेचं, मच्छिंद्रचं, सगळं तुमच्या तोंडून, माझ्या कानाशी मोठ्याने सांगा. या वेळी मी फक्त लिहून घेईन.

खाजाभाई

&nbsp;

भिंगार
१२ फेब्रुवारी २०२५

रतनताई, नमस्कार.

काल अपिलाचा निकाल हातात पडला. लगेच कळवतो आहे, आणि सरळ कळवतो आहे. अपील फेटाळलं.

त्या सोमवारी तुम्ही माझ्या ओसरीवर बसून बोललात आणि मी तीन पानं लिहिली, ती त्यांनी वाचली आहेत. त्यावर लिहिलं आहे, ‘अपिलातील कथन मूळ अर्जातील कथनाशी विसंगत असून पश्चातबुद्धीने केल्याचे दिसते.’ म्हणजे आधी एक बोललात, आता अडचण आली म्हणून दुसरं बोलता आहात, असं. तुमच्या म्हशींचा डेरीचा दाखला, सरपंचांचं पत्र, मच्छिंद्रचं हमीपत्र, सगळं जोडलेलं होतं. त्यांचा उल्लेख ‘इतर कागदपत्रे’ एवढाच आहे.

मला राहवलं नाही. मी कालच अपिलाच्या ऑफिसात गेलो. साहेबांना म्हणालो, तो पहिला अर्ज मी लिहिलाय, या बाईंनी नाही. त्या निराधार नाहीत, तो माझ्या हाताचा दोष आहे. साहेब काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. मी कानाला हात लावला. पुन्हा बोलले. मग त्यांनी समोरची चिठ्ठी ओढून तिच्यावर लिहिलं आणि माझ्याकडे सरकवली: ‘अर्जाखाली सही कोणाची?’

मी लिहिलं, ‘रतनबाईंची.’ त्यांनी चिठ्ठी परत घेतली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. ते उद्धट नव्हते ताई. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं. चौतीस वर्षं हेच विचारत आलो.

एवढंच मिळालं आहे: दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भेट, अर्धा तास. जानेवारीत कार्तिकीला सहा पूर्ण झाली म्हणून तिला मोठ्या मुलींच्या संस्थेत हलवलं आहे. ती दुसऱ्या तालुक्यात आहे. तुम्हाला दोन गाड्या बदलाव्या लागतील. पत्ता मागे लिहिला आहे. वकिलाकडून कोर्टात जाता येईल. पण पुढच्या प्रत्येक टेबलावर तोच पहिला अर्ज सगळ्यात वर लावलेला असेल, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

परवा शेजारचे हनुमंतराव पेन्शनचा अर्ज लिहून घ्यायला आले होते. मी कागद पुढे घेतला, पेन उघडलं आणि मिटून ठेवलं. त्यांना म्हणालो, डोळ्याला दिसत नाही हल्ली.

खाजाभाई

&nbsp;

खर्डा
९ मार्च २०२५

खाजाभाई, नमस्कार.

आधी तुमचं. हनुमंतरावांचा अर्ज लिहून द्या. त्यांच्या घरात चूल तुमच्या अर्जावर पेटत असंल. माझं झालं ते झालं, म्हनून त्यांचं का अडावं? फक्त लिहायच्या आधी त्यांना इचारा, दादा, हे खरं हाय का. एवढं पुरं.

मी तुमच्यावर रागावले हुते, न्हाई म्हनत न्हाई. अपिलाचा कागद आला त्या दिवशी म्हशीची धार काढताना मी तुमाला शिव्या दिल्या. मग रडले. मग मनात आलं, सही तर मीच केली. इचारलं हुतं, पन हट्ट धरला न्हाई. शिकलेल्या मानसापुढं आपलं तोंड बंद होतं, ती माझी चूक. आता दोघं मिळून ती वागवू.

काल कार्तिकीला भेटून आले. पहाटं निघाले, दोन गाड्या बदलल्या, पोचायला साडेअकरा झाले. दारावरच्या बाईनी वहीत नाव लिहिलं, आधारकार्ड बघितलं आनि एका खोलीत बसवलं. भिंतीला बाकडं, वर पंखा. बाहेर पोरींचा आवाज येत हुता. मी डबा उघडून ठेवला. तिच्यासाठी धपाटी नेली हुती. तिला आवडतात.

थोड्या येळानं ती दारात आली. उंच झालीय. निळा फ्रॉक, सगळ्या पोरींना असतो तसला. मला बघून पळत आली न्हाई. दारातच थांबली आनि मागं वळून वरडली, ‘मॅडम, माझी नातेवाईक आली!’

मी म्हनले, अगं, आजी म्हन की. तर ती म्हनली, ‘हितं नातेवाईकच म्हनतात.’ बोलताना पार शहानी वाटत हुती. मग जवळ आली. मांडीवर बसली न्हाई, बाकड्यावर शेजारी बसली. धपाटी खाल्ली. अर्धी ठेवली. म्हनले, खा की सगळी. म्हनली, ‘एक मैत्रीन हाय, तिला कोनीच येत न्हाई.’

आईबद्दल तिनं इचारलं न्हाई. मी थांबले हुते, आता इचारंल, मग इचारंल. न्हाई इचारलं. कुनीतरी सांगितलेलं दिसतंय, नायतर तिचं तीच समजलीय. माझ्या अगुदर कुनी सांगितलं, कुठल्या शब्दांत सांगितलं, मला म्हाईत न्हाई. ते सांगायचं काम माझं हुतं.

डोक्यावरनं हात फिरवला. केस आता बोटात धरता येतील एवढे आलेत. बाई आत आल्या आनि घड्याळाकडं बघून म्हनल्या, ‘पाच मिनिटं.’ तवा कार्तिकीनं मला इचारलं, ‘आजी, तू कुठल्या संस्थेत राहतीस?’

तिला वाटतं समदी मानसं कुठल्या ना कुठल्या संस्थेतच राहतात. मी म्हनले, खर्ड्याला राहते.

‘तिथं किती मुली हायत?’

म्हनले, एकबी न्हाई.

तिनं इचार केला. मग हळूच, त्या बाईंना ऐकू जाऊ नये असं, माझ्या कानाशी येऊन म्हनली, ‘मग तिथं जागा आसंल ना?’

हाय म्हनले, खाजाभाई. लई जागा हाय म्हनले. तोवर बाईनी तिचा हात धरला हुता.

रतनबाई